धर्मग्रामाची सभा: काय ठरलं ते कळावं, कोण बोललं ते नाही

धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या कॅथलिक लोकांच्या, म्हणजे पॅरिशच्या) सभेनंतर दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. ‘आत काय ठरलं ते आम्हाला कोणी सांगतच नाही’ ही एक. ‘मी बोललो ते संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचलं’ ही दुसरी. दोन्हींचं कारण एकच असतं: काय आत राहील आणि काय बाहेर जाईल, हे सभेआधी कोणी ठरवलेलं नसतं. म्हणून प्रार्थना झाल्याबरोबर एक नियम मोठ्याने वाचा: ‘कोण काय बोललं ते बाहेर जाणार नाही. कोणते मुद्दे आले, काय ठरलं आणि का ठरलं, ते सगळ्यांना कळेल.’ सोलापुरात हा नियम तेलुगू आणि कन्नडमध्येही वाचावा. घरात मराठी न बोलणारी माणसं नियम न समजताच मान डोलावतात आणि पुढे गप्प बसतात.

रोममधल्या सिनडनेही (कॅथलिक चर्चच्या जागतिक सल्लासभेनेही) हीच वाट धरली. ऑक्टोबर 2023 मध्ये सदस्य 35 गोल टेबलांवर बसले. स्वतःच्या आणि इतरांच्या बोलण्याबद्दल गुप्तता पाळायची आणि ती सभा संपल्यावरही पाळायची, असं नियमावलीत लिहिलेलं होतं. तरी शेवटचा अहवाल छापून आला, आणि प्रत्येक परिच्छेदाला किती मतं बाजूने, किती विरोधात, हेही जाहीर झालं. माणूस झाकला, निर्णय उघडा ठेवला. धर्मग्रामात हे जमवायला मोठं सभागृह लागत नाही.

तारीख ठरवताना जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची यात्रा टाळा. रस्ते बंद असतात, लोक पोचत नाहीत. एप्रिल-मे असेल तर रविवारच्या सकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) लगेच बसा, दुपारी उकाड्याने कोणाचं लक्ष राहत नाही. कामाच्या दिवशी सभा ठेवली तर कारखान्यात पाळीवर जाणारे आणि विड्या वळणाऱ्या बायका आपोआप गळतात, आणि मग ‘लोकांना रस नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

एका गोलात सहा जण, शिवाय एक सूत्रधार आणि एक टिपण घेणारा. टेबलं नसली तरी चालेल, शाळेच्या खुर्च्या गोल मांडा. बाक ओळीने ठेवले की सगळे फादरांकडे तोंड करून बसतात आणि सभेचं प्रवचन होतं. फादर एका गोलात बसतील, पण सूत्रधार होणार नाहीत. सासू-सून, मालक-कामगार, कमिटीचे दोन सदस्य यांना वेगवेगळ्या गोलांत बसवा.

बोलण्याच्या तीन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत प्रत्येकाला 3 मिनिटं. मध्ये कोणी तोडायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. मग 2 मिनिटं शांतता. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाला 2 मिनिटं; आता आपलं म्हणणं पुन्हा मांडायचं नाही, दुसऱ्याच्या बोलण्यातलं काय मनाला लागलं ते सांगायचं. पुन्हा शांतता. तिसऱ्या फेरीत 30 मिनिटं मोकळी चर्चा, आणि त्यातून कागदावर तीन गोष्टी: कशावर एकमत, कशावर मतभेद, काय करायचं. दुसऱ्या भाषेत बोलणाऱ्यासाठी शेजारच्याने वाक्यावाक्याने सांगावं आणि त्याला वेळ दुप्पट द्यावा. शांतता गाळायचा मोह सर्वांत मोठा असतो. ती गाळली की दुसऱ्या फेरीत वाद सुरू होतो.

टिपणाचं काम सर्वांत नाजूक. नाव काढलं म्हणजे माणूस लपला असं होत नाही. गोलात एकच विडी कामगार बाई असेल आणि तुम्ही ‘विडी कामगार महिलांचं म्हणणं’ असं लिहिलंत, तर सगळ्यांना कळलं. ‘सहापैकी एकाचा विरोध’ हेही तसंच. म्हणून मतांचा आकडा पूर्ण सभेचा द्या, मतदान चिठ्ठीवर घ्या. टिपण त्याच गोलात वाचून दाखवा, आणि ज्याला आपली ओळख पटेल असं वाटतं त्याला वाक्य बदलू द्या. अहवाल पक्का झाला की कच्चे कागद फाडा. फोन बंद करून पिशवीत. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेलं अर्धं वाक्य परत घेता येत नाही.

गुप्ततेला एक मर्यादा आहे आणि ती आधीच सांगायला हवी. मुलाच्या लैंगिक छळाची गोष्ट निघाली, तर पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचं संरक्षण) कायद्याच्या कलम 19 नुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. बोलणाऱ्याला सभेत जास्त खोलात विचारू नका. शांतपणे बाजूला न्या, आधार द्या, तक्रारीची सोय करा आणि अहवालात काहीही लिहू नका. कन्फेशनची, म्हणजे फादरांपुढच्या पापकबुलीची, गुप्तता अभंग आहे (कॅनन, म्हणजे चर्चच्या कायद्याचं कलम, 983), पण सभेचा गोल म्हणजे कन्फेशन नव्हे. ‘इथलं काहीच बाहेर जाणार नाही’ असं वचन कोणीही देऊ नये.

पॅरिश कौन्सिलचं, म्हणजे धर्मग्रामाच्या मंडळाचं, मत सल्ल्यापुरतं असतं (कॅनन 536). हे लपवलं तर पुढे लोक फसवल्यासारखे चिडतात. पण 2024 च्या सिनडच्या अंतिम दस्तऐवजाचा आग्रह असा, की सल्लामसलतीतून एकमत झालेलं असताना त्यापासून बाजूला जायचं तर तसंच सबळ कारण हवं, आणि ते सांगितलंही पाहिजे. म्हणून अहवालात तीन रकाने करा: सुचवलेलं, फादरांचा निर्णय, कारण. हा कागद 15 दिवसांत चर्चच्या फलकावर लावा आणि मिस्सानंतर वाचा.

पैशाला गुप्तता लावू नका. लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना द्यावा, असं कॅनन 1287 सांगतो. एखाद्या कुटुंबाला औषधासाठी मदत केली असेल तर नाव झाका, रक्कम दाखवा. पुढच्या सभेची पहिली 10 मिनिटं मागच्या अहवालाला द्या: काय झालं, काय राहिलं, का राहिलं.