ऑनलाइन सिम रेसिंग : दुसऱ्याची शर्यत न बिघडवता पुढे कसे जावे

सिम रेसिंग म्हणजे कॉम्प्युटरवर व्हील आणि पेडल लावून खऱ्यासारखी मोटार शर्यत चालवणे. व्हील आणि पेडल घट्ट बसवलेले आहेत, ट्रॅक पाठ आहे आणि गाडी बाहेर न घालवता एकट्याने सलग दहा-बारा लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) काढता येतात, असे गृहीत धरून हा लेख लिहिला आहे. एवढे जमत नसेल तर वीस जणांच्या ग्रिडमध्ये (शर्यतीच्या रांगेत) तूर्त शिरू नये.

नवख्यांना या बाबतीत मिळणारा सल्ला बहुधा दोन टोकांचा असतो. एक गट सांगतो की मागून कोणी आले की लगेच बाजूला व्हावे. दुसरा सांगतो की रेसिंग म्हटले की थोडीफार घासाघाशी होणारच. पहिल्या सल्ल्यामुळे अपघात होतात आणि दुसऱ्यामुळे त्यांना सबब मिळते. प्रत्यक्षात शेजारच्या चालकाला आपल्याकडून एकच गोष्ट हवी असते : पुढच्या दोन सेकंदांत आपली गाडी कुठे असेल याचा त्याला अंदाज बांधता यावा.

शर्यतीपूर्वी

स्पर्धेचे नियम पूर्ण वाचावेत. वायफायवर शर्यत खेळू नये, लॅन केबल टाकावी. कॉम्प्युटरबरोबर राउटरही यूपीएसवर घ्यावा, कारण कॉम्प्युटर चालू आणि राउटर बंद अशा अवस्थेत आपली गाडी इतरांच्या पडद्यावर क्षणभर भरकटते आणि मागच्याची त्रेधा उडते. देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची पद्धत पुण्यात जुनी आहे, तेव्हा दिवसाच्या लांब शर्यतीला नाव देण्यापूर्वी वार पाहिलेला बरा. युरोपातील लीगमध्ये उतरणाऱ्यांनी घड्याळही पाहावे : जर्मनीतील रात्रीचे ८ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात ११.३० आणि हिवाळ्यात १२.३०. पेंगुळलेल्या डोळ्यांनी दोन तासांची शर्यत चालवणे हा इतरांवर अन्याय आहे.

आपल्या खात्यावर मावसभावाला 'एकच शर्यत' म्हणूनही बसवू नये. मे २०२० मध्ये फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या स्पर्धेच्या ऑनलाइन मालिकेत डॅनियल आब्ट या व्यावसायिक चालकाने आपल्या जागी दुसऱ्या सिम रेसरला बसवले होते, आणि ते उघडकीस आल्यावर त्याच्या संघाने, म्हणजे आउडीने, त्याला निलंबित केले.

पहिले वळण

टायर थंड असतात, समोरच्या दहा गाड्या एकामागून एक ब्रेक लावत येतात आणि ब्रेक लागण्याची जागा रांगेच्या शेवटाकडे मागे मागे सरकत जाते. म्हणून नेहमीपेक्षा बरेच आधी ब्रेक लावावा. इथे जागा कमावण्याचा विचारच करू नये.

आतल्या बाजूने ओव्हरटेक

मला सर्वांत जास्त काळ जड गेलेला टप्पा हाच, आणि बहुतेक भांडणेही इथेच उगम पावतात. पुण्यात गाडी शिकलेल्या माणसाला हा टप्पा जास्त अवघड जातो, याला एक कारण आहे. नळ स्टॉपच्या सिग्नलला ज्याचे पुढचे चाक आधी फटीत शिरले त्याची ती फट, असा अलिखित कायदा आहे आणि तिथे तो निभावतो, कारण वेग ताशी दहा किलोमीटर असतो. ताशी २५० किलोमीटरवर नाक खुपसल्याने हक्क सिद्ध होत नाही. ही सवय जाणीवपूर्वक मोडावी लागते.

हक्क कधी मिळतो, हे आधी नीट समजून घ्यावे. पुढची गाडी वळायला सुरुवात करते, त्या क्षणी आपण तिच्या शेजारी ठळकपणे पोहोचलेले असलो पाहिजे. फॉर्म्युला वनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आतून पुढे जाणाऱ्या गाडीचा पुढचा अॅक्सल अॅपेक्सच्या (वळणाच्या सर्वांत आतल्या बिंदूच्या) आधीपासून आणि अॅपेक्सला दुसऱ्या गाडीच्या आरशापर्यंत तरी पोहोचलेला असावा, अशी अपेक्षा आहे. ऑनलाइन लीग आपापले नियम लिहितात आणि तपशील बदलतात, परंतु या कसोटीवर चालणारा माणूस सहसा अडचणीत येत नाही. पुढच्याने वळायला सुरुवात केल्यानंतर आत जी त्रिकोणी जागा दिसते, ती जागा नसून मिटत चाललेली फट आहे. तिच्यात घुसून धडक झाल्यावर 'त्याने माझ्यावर दार लावले' असे म्हणणाऱ्यांची मला अजिबात कीव येत नाही. दार आधीच लागत होते.

आता इटलीतील मोन्झा ट्रॅकचे पहिले वळण घेऊ, कारण तिथे हे सगळे एका ठिकाणी दिसते. लांब सरळ रस्ता, त्यानंतर जोरदार ब्रेक, आधी उजवीकडे आणि लगेच डावीकडे. समजा, जीटी थ्री (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या शर्यतीच्या) गाडीत एकटे असताना आपण एका ठरावीक खुणेवर ब्रेक लावता. समोरच्याच्या स्लिपस्ट्रीममध्ये असताना ती खूण विसरावी. त्याच्या मागे हवेचा विरोध कमी असल्यामुळे आपण जास्त वेगाने येतो. शिवाय वेग कमी करायला मदत करणारी हवा आणि गाडी खाली दाबणारी हवा, दोन्ही आपल्याला कमी मिळतात. म्हणजे वेग जास्त आणि ब्रेक कमजोर. नेहमीच्या खुणेवर ब्रेक लावणारा माणूस पुढच्याच्या मागच्या बंपरवर जाऊन आदळतो आणि 'त्याने लवकर ब्रेक मारला' म्हणतो. उपाय दोनच : आधी ब्रेक लावावा, किंवा ब्रेकच्या बऱ्याच आधी त्याच्या मागून बाहेर निघून मोकळ्या हवेत यावे.

उजवीकडून आत जायचे ठरवले तर दुसरी अडचण उभी राहते. आतली रेषा जास्त तीव्र कोनातून वळते, त्यामुळे वळणात शिरतानाचा वेग नेहमीपेक्षा कमी हवा आणि म्हणून ब्रेकही आधीच लागला पाहिजे. उशिरा ब्रेक लावणारा पुढे जातो, हा सल्ला ज्याने कोणी पहिल्यांदा दिला त्याला आतल्या रेषेवरून चालवून पाहायला सांगावे. शेजारी पोहोचायचे ते सरळ रस्त्यावरील वेगाच्या जोरावर. ब्रेकिंगमध्ये फक्त ते शेजारपण टिकवायचे असते. तिथपर्यंत आपण शेजारी आलो नसू, तर त्या लॅपला तो बेत सोडून द्यावा आणि मागे राहून वळणातून लवकर बाहेर पडण्याची तयारी करावी. सोडून देणे हे कौशल्य आहे आणि त्याचा सराव लागतो. माझा आग्रह असा की सरावाच्या सत्रात फक्त आतल्या रेषेवरून सलग लॅप काढावेत आणि त्या रेषेवरील ब्रेकची वेगळी खूण पाठ करावी. ही एक गोष्ट जवळपास कोणीही करत नाही, आणि म्हणूनच शर्यतीत त्यांना ती रेषा प्रथमच भेटते.

मोन्झाला आणखी एक गंमत आहे. पहिल्या उजव्या वळणात बाहेर असलेली गाडी पुढच्याच डाव्या वळणात आत येते. आपण आतून शेजारी पोहोचलो म्हणून डावीकडची जागा आपली होत नाही. बाहेरचा अजून शेजारी असेल तर त्याच्यासाठी गाडीभर रुंदी सोडावीच लागते. तो बाहेरून चिकाटीने टिकला असेल तर पुढचे वळण त्याचे, हे कबूल करावे.

या सगळ्यावर पिंगचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत माहिती जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचा, हिशेब चढतो. पुण्यातून युरोपातील सर्व्हरवर खेळताना पिंग दीडशे मिलिसेकंद असेल, तर ताशी २५० किलोमीटरने धावणारी गाडी तेवढ्या वेळात सुमारे १० मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे जीटी थ्री गाडीच्या दोन लांबींहून अधिक. समोर दिसते ती गाडी नसून सिमने बांधलेला तिचा अंदाज असतो. सरळ रस्त्यावर अंदाज बरोबर येतो. कोणी अचानक ब्रेक लावला किंवा दिशा बदलली की तो चुकतो. म्हणूनच आपल्या पडद्यावर वीतभर अंतर असताना त्याच्या पडद्यावर धडक झालेली असू शकते, आणि दोघेही आपापल्या रिप्लेप्रमाणे खरे बोलत असतात. दूरच्या सर्व्हरवर शेजारी-शेजारी चालवताना अर्ध्या गाडीची जादा जागा सोडावी. बंपरला बंपर लावून ढकलत नेण्याची हौस तिथे करू नये.

धडक झालीच आणि चूक आपली असेल तर जागा परत द्यावी. ती वळणाच्या तोंडाशी थबकून देऊ नये. पुढच्या सरळ रस्त्यावर रेसिंग लाइन (सर्वांत वेगवान रेषा) सोडून, वेग हळूहळू कमी करत द्यावी. आयरेसिंग या सिमसारख्या व्यवस्थेत जोरदार धडकेचे ४ दोषगुण दोघांच्याही नावावर चढतात, चूक कोणाची हे तिथे पाहिले जात नाही. त्यामुळे आपला आततायीपणा निर्दोष माणसाच्या खेळातील लायसन्सवर पडतो.

बचाव करताना

एकदाच बाजू बदलावी, आणि ती ब्रेक लावण्यापूर्वी. मागच्याने बाजू निवडल्यानंतर त्याच्यासमोर आडवे जाणे, किंवा ब्रेक लावता लावता सरकणे, हे सर्वत्र निषिद्ध आहे.

लॅप चढवणारे आणि वेगळ्या वर्गातील गाड्या

निळा झेंडा (मागून जास्त वेगवान गाडी येत असल्याची खूण) दिसताच बाजूला उडी घेणारे चालक मला उशिरा ब्रेक लावणाऱ्यांइतकेच धोकादायक वाटतात. मागचा वेगवान चालक तुमच्या नेहमीच्या रेषेचा अंदाज घेऊन आधीच दुसऱ्या बाजूला निघालेला असतो आणि तुम्ही सौजन्य म्हणून नेमके तिथेच जाऊन उभे राहता. आयरेसिंगमध्ये निळा झेंडा केवळ सूचना देतो. आपली रेषा धरून ठेवावी, त्याच्याशी झुंजू नये आणि सरळ रस्त्यावर अॅक्सिलरेटर किंचित सोडून त्याला जाऊ द्यावे. एखाद्या स्पर्धेत ठरावीक अंतरात वाट देण्याचा नियम असेल तर तो पाळावा, पण तोही वळणाच्या मध्यावर नव्हे. हायपरकार (जीटी थ्रीहून वेगवान वर्गातील गाडी) आणि जीटी थ्री एकत्र धावत असतील तर सुरक्षितपणे पुढे जाण्याची जबाबदारी हायपरकारवाल्याची. त्याने एकदा दिवे दाखवावेत. सतत लुकलुकवल्याने कोणी लवकर हलत नाही.

गाडी फिरली तर

ब्रेक पूर्ण दाबून धरावा, म्हणजे गाडी जिथे आहे तिथेच थांबते आणि इतरांना तिला टाळता येते. घसरत असताना ब्रेक सोडला की ती कोणत्याही दिशेला घरंगळते. त्यानंतर जवळच्या गाड्यांची यादी पाहावी, मोठी मोकळीक मिळेपर्यंत थांबावे आणि ट्रॅकच्या कडेने समांतर वेग घेऊन मगच रेषेवर यावे. रिव्हर्समध्ये ट्रॅक ओलांडू नये.

मायक्रोफोन

बटण दाबल्यावरच सुरू होईल असा ठेवावा. घरातील कुकरच्या शिट्ट्या मोजण्यात चोवीस जणांना रस नसतो. धावताना टंकलेखन करू नये, 'सॉरी'साठी व्हीलवरील एक बटण आधीच नेमून ठेवावे. मराठीत शिवी दिली की कोणाला कळत नाही, असे समजणाऱ्यांना एवढेच सांगतो की ग्रिडवर एखादा मराठी कान बहुधा असतोच, आणि अनेकदा तो तक्रारी पाहणाऱ्यांपैकीच असतो.

तक्रार

शर्यत सुरू असताना करू नये आणि त्याच रात्री तर मुळीच करू नये. रिप्ले लगेच जतन करावा, दुसऱ्या दिवशी तो आधी समोरच्याच्या कॅमेऱ्यातून पाहावा आणि नंतर आपल्या. दोन्हीकडून पाहूनही चूक त्याचीच वाटत असेल तर लॅप, वळण आणि रिप्लेमधील वेळ लिहून, हेतूविषयी एकही विशेषण न वापरता दोन-तीन वाक्यांत अर्ज पाठवावा. धडकेच्या आधीचे किमान दहा सेकंद क्लिपमध्ये असू द्यावेत, कारण वळण्याच्या क्षणी कोण कुठे होते हे त्यावरूनच ठरते, आणि धडकेपासून सुरू होणारी क्लिप पाहून कोणालाही निकाल देता येत नाही.