पश्चिम टेक्सासमधून मोटरहोमचा प्रवास कसा आखावा

मोटरहोमने, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीने, सॅन अँटोनिओहून निघून हिल कंट्री या मध्य टेक्सासच्या टेकड्यांच्या भागातील फ्रेडरिक्सबर्ग, मग फोर्ट स्टॉक्टन, मॅरेथॉन आणि बिग बेंड राष्ट्रीय उद्यान, आणि परतताना अल्पाइन, फोर्ट डेव्हिस व बाल्मोरिया, असा मार्ग ग्रामीण टेक्सास पाहण्यासाठी मला सर्वांत समाधानकारक वाटतो. या भागात गावे विरळ आहेत आणि अंतरे मोठी. त्यामुळे इंधन, पाणी आणि मुक्काम यांचा विचार प्रेक्षणीय स्थळांच्या आधी करावा लागतो.

सर्वप्रथम ऋतू ठरवावा. बिग बेंडमध्ये नदीकाठी उन्हाळ्यात तापमान सहज ३८ अंश सेल्सिअसच्या वर जाते, म्हणून ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ निवडावा. मार्चच्या अखेरीस आणि एप्रिलच्या सुरुवातीला हिल कंट्रीच्या रस्त्यांलगत ब्लूबॉनेट हे टेक्सासचे राज्यफूल बहरलेले असते. मार्चच्या मध्यावर मात्र शाळा-महाविद्यालयांना सुट्टी असल्याने उद्यानात गर्दी उसळते. राज्य उद्यानांतील मुक्कामाच्या जागा पाच महिने आधीपासून राखून ठेवता येतात आणि लोकप्रिय जागा लवकर भरतात, तेव्हा तारखा ठरताच आरक्षण करावे.

त्यानंतर गाडी. भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांपैकी चालकाच्या डोक्यावर पलंग असलेली सी वर्गाची गाडी कुटुंबासाठी सोयीची असते. पण तिची लांबी आधी विचारून घ्यावी. बिग बेंडमधील चिसोस बेसिनकडे जाणारा वळणावळणाचा चढ २४ फुटांपेक्षा लांब मोटरहोमसाठी योग्य नाही, असे उद्यान प्रशासनच सांगते. एखाद्या फुटाच्या फरकामुळे उद्यानाचा सर्वांत सुंदर डोंगराळ भाग हुकू शकतो. भाडेकरारात रोजच्या मैलांची मर्यादा, जनरेटरच्या तासांचे शुल्क आणि कच्च्या रस्त्यांवरील बंदी या तीन गोष्टी नीट वाचाव्यात. गाडीची उंची कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावी, कारण झाडांच्या फांद्या आणि दुकानांच्या पुढची छपरे नेहमीच्या मोटारीच्या सवयीने लक्षात येत नाहीत.

मुक्कामाच्या ठिकाणी वीज, पाणी आणि सांडपाणी यांची जोडणी असते, आणि ही कामे क्रमाने करण्याची सवय पहिल्याच रात्री लावून घ्यावी. विजेच्या खांबावरील स्विच बंद करून मगच केबल जोडावी आणि त्यानंतर तो चालू करावा. आपल्या गाडीची वीजजोडणी ३० अँपिअरची आहे की ५० अँपिअरची, हे आधी पाहून ठेवावे. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी ठेवावी. शौचालयाच्या मैल्याच्या टाकीची झडप जोडणी असतानाही बंदच असू द्यावी, कारण ती उघडी राहिल्यास द्रव निघून जातो आणि घट्ट मैला तळाशी साचतो. टाकी बरीचशी भरल्यावर हातमोजे घालून आधी ती रिकामी करावी आणि मग आंघोळ व भांड्यांच्या सांडपाण्याची टाकी सोडावी, म्हणजे त्याच पाण्याने नळी धुतली जाते.

प्रत्यक्ष रस्त्यावर पश्चिमेकडे आंतरराज्य महामार्ग क्रमांक १० वर वेगमर्यादा काही भागांत ताशी ८० मैल आहे. मोटरहोमने ती गाठण्याचा मोह टाळावा. बाजूच्या वाऱ्याने उंच गाडी हेलकावे खाते, आणि ताशी ६० ते ६५ मैलांचा वेग पुरेसा असतो. गाडी एका गॅलनमध्ये आठ ते दहा मैलच जाते, त्यामुळे टाकी अर्धी झाली की भरून घ्यावी, आणि मॅरेथॉन सोडण्यापूर्वी तर भरलीच पाहिजे, कारण तिथून पँथर जंक्शन या उद्यानाच्या मुख्यालयापर्यंत सुमारे ७० मैल ओसाड प्रदेश आहे. संध्याकाळी हरणे रस्त्यावर येतात. म्हणून अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे.

पाण्याच्या बाबतीत अतिशय सावध राहावे. ४ जुलै २०२५ रोजी ग्वाडालुप नदीला आलेल्या पुरात हिल कंट्रीतील केर काउंटीत शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हिल कंट्रीत नदीकाठची सखल जागा निवडू नये, हवामानाचे इशारे देणारा मोबाइल रात्रीही चालू ठेवावा आणि रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर, ते कितीही उथळ दिसले तरी, गाडी वळवावी.

बिग बेंडमध्ये पूर्ण जोडणी असलेल्या जागा रिओ ग्रँड व्हिलेज येथे आहेत. तिथून सांता एलेना घळ पाहण्यासाठी पूर्ण दिवस राखावा. परतीच्या वाटेवर सीमा गस्त दलाची तपासणी चौकी लागते, त्यामुळे भारतीय नागरिकांनी पासपोर्ट व व्हिसाची, तर कायमस्वरूपी रहिवाशांनी ग्रीन कार्डची मूळ कागदपत्रे सोबत ठेवावीत. ह्यूस्टन-डॅलसहून निघणाऱ्या मराठी कुटुंबांकडून ती हमखास घरी राहतात.

फोर्ट डेव्हिसजवळच्या मॅकडोनाल्ड वेधशाळेतील रात्रीच्या आकाशदर्शनाची तिकिटे आगाऊ घ्यावीत, आणि मुक्कामासाठी जवळच्या डेव्हिस माउंटन्स राज्य उद्यानातील जागा राखावी, म्हणजे कार्यक्रमानंतर काळोखात लांब गाडी चालवावी लागत नाही. पुढे बाल्मोरिया येथे १९३० च्या दशकात बांधलेला झऱ्याच्या पाण्याचा विशाल जलतरण तलाव आहे. तो दुरुस्तीसाठी बंद नाही ना, याची खात्री करूनच तिकडे वळावे. तिथून पुन्हा महामार्ग गाठता येतो. गाडी परत करण्याच्या आदल्या मुक्कामी मैल्याची व सांडपाण्याची अशा दोन्ही टाक्या रिकाम्या कराव्यात, कारण हे काम भाडे कंपनीवर सोडल्यास त्याचे वेगळे शुल्क द्यावे लागते.