दुबईत पहिल्यांदा गाडी चालवताय? नागपूरकरांनो, या चुका टाळा

नागपूरहून दुबईशेजारच्या शारजाहला थेट विमान आहे. मुलगा-सून नाहीतर मुलगी-जावई तिकडे असतात आणि भाड्याची गाडी घेतली की सगळ्यांना एकत्र फिरता येतं. वर्धा रोडवर वर्षानुवर्षं गाडी चालवलेल्या माणसाला धास्ती असते ती शेख झायेद रोडची. सहा-सहा, सात-सात लेन आणि शंभरच्या वरचा वेग. मला मात्र त्या रस्त्यापेक्षा रिकाम्या गल्लीची काळजी जास्त वाटते. महामार्गावर पुढच्या-मागच्या गाड्याच तुम्हाला योग्य बाजूला ठेवतात. सकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमधून निघताना, पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना किंवा रात्री सामसूम रस्त्यावर वळताना समोर पाहायला कुणीच नसतं. अशा वेळी हात आपल्या सवयीने गाडी डावीकडे नेतात आणि तुम्ही राँग साइडला असता.

बाजू चुकणे

तिथे रहदारी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि स्टिअरिंग डावीकडे असतं. एकच खूण पक्की धरा: चालवणारा नेहमी रस्त्याच्या मधल्या बाजूला बसलेला असतो. नागपुरातही तसंच, दुबईतही तसंच. कुठूनही निघालात आणि फुटपाथ तुमच्या खिडकीशी आला, तर काहीतरी चुकलंय. शेजारी बसणाऱ्यालाही काम द्या. प्रत्येक वळणाआधी त्याने मोठ्याने "उजवी बाजू" म्हणायचं. पहिले दोन-तीन दिवस याचा संकोच करू नका.

वळणंही उलटी होतात. आपल्याकडे डावं वळण छोटं आणि सोपं असतं, तिथे उजवं. डावीकडे वळताना चौक पूर्ण ओलांडून पलीकडच्या लेनमध्ये शिरायचं असतं. कोपरा कापला की समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडी जाल. गोल चौकातही नीट लक्ष द्या. तिथे उजवीकडून शिरायचं, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरायचं आणि डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपली नजर उजवीकडे बघायला शिकलेली असते, म्हणून चौकात शिरण्याआधी मान मुद्दाम डावीकडे वळवा.

आणखी एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही. डावीकडे बसल्यावर गाडी नकळत उजवीकडे सरकते, कारण आपला अंदाज उजव्या सीटवरून घेतलेला असतो. मग उजवा आरसा शेजारच्या गाडीला लागतो किंवा चाक फुटपाथला घासतं. गाडी हातात आल्यावर आधी मोकळ्या पार्किंगमध्ये फिरवा आणि दोन्ही आरशांत लेनच्या रेषा सारख्या अंतरावर दिसतात का ते बघा. तिथल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरचा दांडा डाव्या हाताशी असतो. वळताना वायपर सुरू झाले तर घाबरू नका, पण नजर रस्त्यावरून काढू नका.

हॉर्न, डिपर आणि चारही इंडिकेटर

बर्डीवर हॉर्न दिल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही, हे मान्य. दुबईत विनाकारण हॉर्न वाजवला तर दंड होतो आणि समोरच्याला तो अपमान वाटतो. हातवारे तर अजिबात करू नका, त्यावरून गुन्हा दाखल होऊ शकतो. सर्वात डावीकडची लेन ओव्हरटेक करण्यासाठी असते. तिथे मागून कुणी डिपर दिला, तर बाजू बघून शांतपणे उजवीकडच्या लेनमध्ये या. हिवाळ्यात पहाटे धुकं असलं तरी चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावायचे नाहीत. मागच्याला तुम्ही लेन बदलताय की थांबलाय, हेच कळत नाही.

एक्झिट चुकली की घाई करणे

एक्झिट, म्हणजे महामार्गावरून बाहेर पडायची वाट, हुकली तर हुकू द्या. शेवटच्या क्षणी चार लेन कापून जाणं किंवा मागे येणं, ही तिथली सर्वात धोकादायक चूक आहे. पुढच्या एक्झिटवरून नकाशा आपोआप नवा रस्ता देतो. जाण्याआधी लेन पाळायचा सराव करायचा असेल, तर समृद्धी महामार्गावर शिर्डीपर्यंत एक फेरी मारा. बाजू वेगळी असली तरी लेन सोडायची नाही आणि आरसा बघितल्याशिवाय वळायचं नाही, ही सवय लागते.

सिग्नलचा पिवळा दिवा बघून वेग वाढवू नका. लाल दिवा तोडला तर १००० दिरहम दंड, लायसन्सवर १२ काळे पॉइंट (दंडाचे गुण) आणि ३० दिवस गाडी जप्त. गाडी भाड्याची असेल तर तो सगळा खर्च तुमच्या माथी येतो. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस दिसला की थांबायचंच. दारू घेऊन स्टिअरिंगला हात लावायचा नाही, तिथे एका घोटालाही सूट नाही.

वेगाबद्दल नातेवाईक सांगतील, "वीसने जास्त चालतं." दुबईत कॅमेऱ्याला तेवढी सवलत आहे, पण अबू धाबीने ती २०१८ मध्येच बंद केली. शेख झायेद मशीद बघायला तिकडे निघालात, तर हद्द ओलांडल्यावर पाटीवरचा आकडा म्हणजेच मर्यादा.

कागद आणि टोल

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्या हद्दीतल्या आरटीओतूनच काढा. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. इंटरनेटवर पैसे घेऊन छापून देणाऱ्या "इंटरनॅशनल लायसन्स"च्या नादी लागू नका. परमिटसोबत मूळ लायसन्सही बाळगा. ही सोय पर्यटकांसाठी आहे. राहण्याचा व्हिसा झाला की तिथलंच लायसन्स लागतं.

टोलनाका दिसणार नाही. सालिक या आपोआप चालणाऱ्या टोलच्या कमानीखालून गेलं की पैसे कापले जातात. २०२५ पासून गर्दीच्या वेळी ६ दिरहम आणि इतर वेळी ४, रात्री १ ते सकाळी ६ फुकट. गाडी देणारी कंपनी हे पैसे, वर तिचं शुल्क धरून, नंतर लावते. त्यामुळे डिपॉझिट परत मिळताना हिशोब मागून घ्या.

आणि गाडीला साधा ओरखडा आला तरी परस्पर मिटवू नका. कुणाला लागलं नसेल तर गाडी बाजूला घ्या आणि पोलिसांना कळवा. पोलिसांचा रिपोर्ट नसेल तर गॅरेज त्या गाडीला हात लावत नाही आणि विमाही मिळत नाही. कुणाला लागलं असेल तर लगेच पोलिसांच्या ९९९ नंबरवर फोन करा.