निबंध सुधारतोय की नुसता शुद्ध होतोय? कॉलेजात लिहायला शिकताना या चुका टाळा

मी पुण्यात पदवीच्या मुलामुलींना लेखन शिकवते. सत्र संपताना प्रत्येकाकडून एक फाइल घेते. तिच्यात सत्रभरातले निबंध, त्यांचे सगळे खर्डे आणि 'माझं लेखन कसं बदललं' यावर दोन पानं असतात. या दोन पानांत बहुतेकांचं घोडं अडतं. 'शुद्धलेखनाच्या चुका कमी झाल्या, शब्दसंपत्ती वाढली, आत्मविश्वास आला' इथपर्यंत सगळे येतात. पण पहिला आणि शेवटचा निबंध शेजारी ठेवला की पुष्कळदा दिसतं ते वेगळंच. वेलांट्या सुधारल्या, विचार मात्र होता तिथेच राहिला. ज्यांचं लेखन खरोखर पुढे जातं, त्यांचं मत दुसऱ्या-तिसऱ्या खर्ड्यात हललेलं असतं, निदान टोकदार तरी झालेलं असतं. ते कशामुळे अडतं, ते सांगते.

पहिला खर्डा पुसून टाकणं

फोनवर लिहिणारी मुलं त्याच फाइलवर गिरवत राहतात. शेवटी हातात फक्त पक्की प्रत उरते आणि कुठून निघालो होतो ते त्यांनाच सांगता येत नाही. प्रत्येक खर्ड्याची वेगळी प्रत करून नावात तारीख घाला. गूगल डॉक्समध्ये लिहीत असाल तर आवृत्ती इतिहासात जुनं लेखन सापडतं, पण त्यातून नेमका खर्डा हुडकत बसण्यापेक्षा प्रत ठेवणं सोपं. कागदावर लिहिणाऱ्यांनी व्हाइटनर बाजूला ठेवावा आणि एकच आडवी रेघ मारावी. खालचं वाक्य वाचता आलं पाहिजे.

विषयालाच मुद्दा समजणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. 'वाचनसंस्कृती' हा विषय दिला की पहिला परिच्छेद साधारण असा येतो:

'पुणे हे विद्येचे माहेरघर म्हणून ओळखले जाते. परंतु आजच्या मोबाइलच्या युगात वाचनसंस्कृती लोप पावत चालली आहे. तरुण पिढी समाजमाध्यमांच्या आहारी गेली आहे. यावर वेळीच उपाययोजना होणे गरजेचे आहे.'

शुद्धलेखनाची एकही चूक यात नाही. दहावीला याला चांगले गुणही मिळाले असते, आणि म्हणूनच ही सवय सुटत नाही. आता एकेक वाक्य घेऊन विचारा: हे कोणी नाकारेल का? पुण्याच्या जागी दुसऱ्या शहराचं नाव घातलं तर काही बिघडेल का? हे लिहायला मला स्वतः काही पाहावं लागलं का? तिन्ही उत्तरं 'नाही' आली, तर तुमच्याकडे विषय आहे, मुद्दा अजून नाही.

मुद्दा शोधायला ग्रंथालयात जाण्याआधी आजूबाजूला बघा. असं लिहिणारी मुलं रोज सदाशिव पेठेतल्या, नारायण पेठेतल्या अभ्यासिकांसमोरून जातात. काही तर स्वतः तिथे बसतात. सकाळपासून रात्रीपर्यंत माना खाली घालून वाचणारी शेकडो तरुण मंडळी. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला उडालेली झुंबड त्यांनी पाहिलेली असते. मग 'तरुण वाचत नाहीत' हे वाक्य त्यांच्या हातून उतरतं कसं? कारण ते वाक्य त्यांनी लिहिलेलंच नसतं. ते शाळेपासून सोबत आलेलं असतं.

हे लक्षात आल्यावरचा खर्डा असा होऊ शकतो:

'माझ्या अभ्यासिकेत कोणी बोलत नाही, सगळे वाचतात. पण शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते पाहिलं तर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका, चालू घडामोडींची मासिकं आणि नोट्स. वाचन कमी झालेलं नाही, ते परीक्षेपुरतं उरलं आहे.'

पहिल्यापेक्षा शब्द साधे आहेत, 'लोप पावणे' वगैरे गेलं. तरी याच्याशी भांडता येतं. एखादा म्हणेल, परीक्षेसाठी इतिहास आणि राज्यशास्त्र वाचणं हे वाचन नव्हे का? दुसरा म्हणेल, राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली, आता नुसत्या पर्यायांवर भागत नाही, तेव्हा वाचन बदलेल. हे प्रश्न आले की निबंधाला पुढचे परिच्छेद आपोआप मिळतात. आता ग्रंथालयात जा. पुणे नगर वाचन मंदिर १८४८पासून चालू आहे. तिथे वर्गणीदार काय घरी नेतात, हे विचारायला गेलात तर तुमच्या हातात दुसऱ्या कोणाकडे नसलेली माहिती येईल.

पहिल्याच बैठकीत मुद्दा सापडला नाही म्हणून घाबरू नका. तो बहुधा खर्ड्याच्या शेवटच्या परिच्छेदात येऊन बसलेला असतो, लिहिता लिहिता सापडलेला. शेवटचा परिच्छेद उचलून वर न्या, जुनी सुरुवात पूर्ण काढा आणि मधलं पुन्हा लिहा. 'पण मग अर्धा निबंध जाईल,' असं मुलं म्हणतात. जाऊ द्या.

'करण्यात येते'ची भाषा

'महाविद्यालयाच्या माध्यमातून विद्यार्थ्यांसाठी वाचनाच्या दृष्टिकोनातून विविध उपक्रम राबविण्यात येतात.' सरकारी परिपत्रकांतून आणि बातम्यांतून ही भाषा आपल्या अंगवळणी पडली आहे. प्रत्येक क्रियापदापाशी थांबून 'कोणी?' असं विचारा. मग वाक्य होतं: 'ग्रंथपाल दर शनिवारी नवी पुस्तकं टेबलावर मांडतात.' 'विविध उपक्रम' म्हणजे काय हे माहीत नसेल तर वाक्य सरळ होणारच नाही. अशी अडलेली जागा सापडली की समजा, तिथे अजून माहिती गोळा करायची आहे.

घरची बोली लपवणं

याबद्दल मला मनापासून बोलायचंय. बीड, लातूर, नंदुरबारहून आलेली मुलं वर्गात बोलतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात जोर असतो, दाखले असतात. लिहायला बसली की तीच मुलं आखडतात. पुण्याची म्हणून जी भाषा त्यांना वाटते ती आणायला जातात आणि वरच्यासारखी परिपत्रकी भाषा येते. प्रमाणभाषा शिकायची आहेच, परीक्षेला आणि नोकरीला ती लागते. पण तिला शेवटच्या खर्ड्यात जागा द्या. पहिला खर्डा घरी आईशी बोलता तशा भाषेत लिहा. फोनवर बोलून टाइप करण्याची सोय आहे, ती वापरा. विचार पूर्ण झाला की त्याला प्रमाण रूप देणं हे तासाभराचं काम असतं. प्रमाण भाषेत सुरुवात करून विचार अडकला, तर आठवडा जातो. आणि शेती, बाजार, नाती यांचे जे शब्द तुमच्या बोलीत नेमके आहेत, ते पक्क्या प्रतीतही ठेवा. वाचणाऱ्याला संदर्भाने कळतात.

विरोधी बाजू टाळणं

'काही लोक असे म्हणतात, परंतु ते चुकीचे आहे.' एवढ्यावर काम भागवू नका.

फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. या शहरातल्या एका विद्यार्थिनीचं हे लेखन आहे, म्हणून मी ते वर्गात आवर्जून वाचायला देते. समोरच्याचं म्हणणं ती झटकून टाकत नाही, उचलून धरते. वेद फक्त ब्राह्मणांचे, इतरांनी ते पाहायचेही नाहीत, असं तुम्ही म्हणता ना? मग आमच्याकडे धर्मपुस्तकच नाही, तेव्हा आमचा धर्म कोणता ते तरी सांगा. विरोधकाच्याच वाक्यावरून चालत ती त्याला अशा जागी आणते जिथे त्याच्याकडे उत्तर नसतं. तुमच्या निबंधात एवढं बळ लगेच येणार नाही, पण रीत उचलता येते. विरोधी मत त्या मताच्या माणसाला पटेल अशा शब्दांत आधी मांडा. मग ते खरं मानलं तर पुढे काय होतं, ते लिहा.

शेऱ्याखालची तेवढीच ओळ दुरुस्त करणं

समासात 'स्पष्ट करा' लिहिलं की मुलं तिथे एक वाक्य वाढवतात. पुष्कळदा दोष चार परिच्छेद आधी असतो. दुरुस्ती सुरू करण्याआधी प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने एक ओळ लिहा: हा परिच्छेद काय काम करतो? दोन परिच्छेदांशेजारी तीच ओळ आली तर एक काढा. ओळ सुचलीच नाही तर तो परिच्छेद भरतीचा आहे. 'उदाहरण द्या' या शेऱ्याचा अर्थ बहुतेक वेळा 'तू हे कुठे पाहिलंस?' असा असतो, थोरांचं वचन चिकटवा असा नसतो. शेरा समजला नाही तर शिक्षकांना विचारा. मात्र 'काय चुकलं?' असं न विचारता 'मला इथे हे म्हणायचं होतं, ते पोचलं का?' असं विचारा. उत्तर कितीतरी उपयोगी मिळतं.

चॅटजीपीटीकडून पहिला खर्डा घेणं

घेऊ नका. ते गुळगुळीत परिच्छेद देतं आणि मुद्दा सापडायची जी जागा असते, तीच तुमच्या हातून जाते. ते देत असलेल्या पुस्तकांची आणि लेखांची नावंही कधी कधी अस्तित्वातच नसतात. वापरायचंच असेल तर आपला पुरा खर्डा देऊन 'यावर तीन आक्षेप सांग' म्हणा आणि उत्तरं स्वतः लिहा.

शुद्धलेखन आधी करणं

शेवटी करा, पण नक्की करा. 'कवी' दीर्घ, 'कविसंमेलन' ऱ्हस्व. 'फूल', पण 'फुलाला'. 'आणि' ऱ्हस्व, 'की' दीर्घ. स्वतःच्या नेहमीच्या दहाबारा चुकांची यादी वहीच्या मागे ठेवलीत तरी बरंच काम होतं.

आणि ती दोन पानं

'मी खूप काही शिकलो, मॅडमचे आभार' याने पानं भरू नका. दोन खर्ड्यांतली एकेक ओळ उतरवून काढा, एकीखाली एक. मग लिहा: आधी मला काय वाटत होतं, ते कशामुळे हललं, कोणाचा प्रश्न, कोणती भेट, कोणतं वाचन, आणि वाक्यात नेमका कोणता शब्द गेला, कोणता आला. अशा तीन जोड्या पुरतात. एखादी जोडी अशीही ठेवा जिथे अजून जमलेलं नाही. त्या जागेखाली पुढच्या सत्रात काय करून पाहणार, ते दोन ओळींत लिहा. ती फाइल परत घ्यायला विसरू नका, कारण पुढच्या निबंधाचा पहिला खर्डा लिहिताना ती उघडायची आहे.