ॲक्सिलरेटर दाबला, तरी गाडी विचारातच? ऑटोमॅटिकवाल्यांनो, या चुका टाळा

सोलापूरजवळ मोहोळच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे आहे, उजवी लेन मोकळी झालीय, तुम्ही पाय दाबता आणि दोनशे हॉर्सपॉवरची टर्बो गाडी क्षणभर दम खाते. मग एकदम झटका देऊन सुटते. गॅरेजवर गेलात की संशय ठिणगी पाडणाऱ्या पार्टवर आणि उत्तर ठरलेलं: "प्लग-कॉईल बदलून बघू." बघू म्हणजे तुमच्या पैशाने बघू.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गाडी नेमकी कधी अडखळते हे न बघता पार्ट बदलत सुटायचं. "पिकअप घेत नाही" या एका तक्रारीत निदान तीन वेगळी दुखणी असतात. सिग्नलवरून निघताना किंचित उशीर होणं हा ड्युअल क्लच (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सचा बऱ्याचदा स्वभावच असतो; क्लच हळूहळू धरतो आणि टर्बोला, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याला, फिरायला एक्झॉस्टचा जोर मिळालेला नसतो. स्पीडब्रेकर उतरून दहा-पंधराच्या वेगात पुन्हा पाय दिला, तर पहिला की दुसरा या घोळात गिअरबॉक्स अडकतो. आणि ऐंशीच्या वेगात दाबलं, तर त्याला सातव्यावरून चौथ्या-तिसऱ्यावर उतरायला वेळ लागतो. इथवर ठीक. पण पूर्वी नव्हतं आणि आता होतंय, किंवा मध्येच मिसिंग मारतेय (पेट्रोल नीट न पेटून ठोका चुकतोय), तर शोधायला हवं.

एक चाचणी घरची. इंजिन गरम झाल्यावर तुळजापूर रोडला मोकळा पट्टा बघा. मॅन्युअल मोडमध्ये तिसरा गिअर लावा आणि दोन हजार आरपीएमपासून पेडल अर्ध्याच्या थोडं पुढे दाबा. तळापर्यंत नको, तिथे बऱ्याचदा किकडाउनचा, म्हणजे खालचा गिअर मागणारा, स्विच असतो, तो लागला की बऱ्याच गाड्या मॅन्युअल मोडमध्येही आपणहून गिअर उतरवतात आणि चाचणी वाया जाते. गाडी सलग ओढत गेली तर संशय गिअरबॉक्सवर. तिथेही अडखळली तर इंजिनकडे वळा.

माझ्या जुन्या गाडीत चार कॉईल आणि चार प्लग नवे टाकून झाले, फरक शून्य. शेवटी इंटरकूलरकडून (टर्बोची तापलेली हवा गार करणारा भाग) येणाऱ्या रबरी पाइपला क्लिपखाली चीर निघाली. गाडी उभी असताना ती मिटलेली, प्रेशर आलं की उघडायची. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) मागितलेलं बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, आणि मिळालेलं बूस्ट शेजारी शेजारी पाहिलं असतं, तर त्याच दिवशी कळलं असतं. म्हणून मेस्त्रींना नुसतं "कोड (बिघाडाचा नंबर) बघा" म्हणू नका. गाडी चालवत लाइव्ह डेटा बघायला लावा: पेडल किती टक्के, थ्रॉटलची (इंजिनात हवा सोडणारी) झडप किती टक्के, बूस्ट किती.

पेडलला आता केबल नसते, हे डोक्यात असू द्या. पेडल फक्त मागणी कळवतं, द्यायचं किती ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो. क्लच नाही म्हणून रिकामा डावा पाय ब्रेकवर टेकवून ठेवणारे बरेच आहेत. दोन्ही पेडल एकदम दाबली गेली की अनेक गाड्यांत ईसीयू ब्रेकचं ऐकतो आणि इंजिनचा जोर कापतो. मग हे गाडीला दोष देणार! आणि पायाखाली जाड मॅट, वर सतरंजीचा तुकडा असेल, तर पेडल तळाला पोचतच नाही. सोलापुरात सतरंजीला तोटा नाही, पण तिची जागा ती नव्हे. ती पेडलखाली किंवा पेडलवर अडकली तर प्रकरण जिवावर बेततं.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो. सात रस्ता चौकाच्या गर्दीत रेंगाळून लगेच दाबलं तर आत जाणारी हवा तापलेली असते. नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटणं) टाळायला ईसीयू स्पार्क मागे खेचतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि गाडी मंद वाटते. हा बिघाड नाही. टाकीच्या झाकणाआड लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी ऑक्टेनचं (नॉकिंगला कमी दाद देणारं नव्हे, लवकर बळी पडणारं) पेट्रोल भरलंत, तरी हेच होतं.

आपल्याकडच्या धुळीत एअर फिल्टर लवकर भरतो. त्याला जोरात हवा मारून पुन्हा बसवू नका; कागद फाटला तर धूळ थेट आत जाते. नवा टाका.

थ्रॉटल बॉडी साफ करताना झडप स्क्रू ड्रायव्हरने ढकलू नका, आतले दाते जातात. सफाईनंतर स्कॅनरने ॲडॅप्टेशन करून घ्या, म्हणजे झडपेची जागा ईसीयूला नव्याने शिकवा, नाहीतर साफ केलेली गाडीच जास्त अडखळेल. पेडल बॉक्स नावाची डबी तर घेऊच नका. ती फक्त पेडलचा सिग्नल वाढवून सांगते, फाटका पाइप फाटकाच राहतो.

आणि इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला, तर पुढच्या टोलपर्यंत रेटू नका. लुकलुक म्हणजे जोरदार मिसफायर, जळालं नाही ते पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) पेटतंय. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, टोइंगवाल्याला फोन लावा.