पात्र उभं करताना लागलेल्या ठेचा

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला पेपरात प्रश्न आला होता: पात्रचित्रणाच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष पद्धती सोदाहरण स्पष्ट करा. मी भराभर लिहून टाकलं आणि नेमकं उलटं लिहिलं. प्रत्यक्ष म्हणजे डोळ्यांसमोर, म्हणून पात्र बोलतंय, वागतंय, भांडतंय ते प्रत्यक्ष. आणि लेखक मागून सांगतो की 'तो फार चिकट होता', ते अप्रत्यक्ष. पुस्तकात याच्या बरोबर विरुद्ध. लेखकानं गुणाचं नाव घेऊन सांगितलं की प्रत्यक्ष, वागण्याबोलण्यावरून वाचकानं ताडलं की अप्रत्यक्ष. मार्क गेले ते गेले. तेव्हापासून मी मनातल्या मनात 'थेट' आणि 'आडून' असेच शब्द वापरते. परीक्षा द्यायची नसेल तर तुम्हीही तेच वापरा.

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. नोकरी बेळगावात, एका पतसंस्थेच्या काउंटरवर. दहाबारा वर्षं कथा लिहितेय, त्यातल्या निम्म्या फाडायच्या लायकीच्या. ज्यांनी नुकतीच वही उघडलीय त्यांच्यासाठी हे लिहितेय, निदान माझ्याच ठेचा तुम्हाला पुन्हा लागू नयेत म्हणून.

पहिली कथा आजोबांवर होती. तिचं पहिलं वाक्य अजून पाठ आहे: 'आबा कष्टाळू, प्रेमळ, शिस्तप्रिय आणि स्वाभिमानी होते.' कथा आत्याला वाचून दाखवली. ती सुपात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कळालं की गं. खरं त्येनं केलं काय?" (आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्यामुंबईच्या वाचकांनी गोंधळून जाऊ नये.)

म्हटलं, पुढं येतंय. "मग त्येच आधी सांग की," म्हणाली, आणि तांदूळ निवडत स्वतःच सांगायला लागली. आबांचं आणि त्यांच्या भावाचं बांधावरून वाकडं होतं. कित्येक वर्षं बोलणं नाही. एका वर्षी ऐन रोपलावणीत भावाचा एक बैल मेला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आबांनी आपली जोडी सोडली, भावाच्या दारातल्या खुंटाला बांधली आणि हाक न मारता परत आले. संध्याकाळी गेले, जोडी सोडून आणली, तेव्हाही बोलले नाहीत. भावाची लावणी उरकेपर्यंत रोज हेच. आणि लावणी झाल्यावर? "झाल्यावर काय, परत बांधावर भांडाण."

माझी चार विशेषणं मी या गोष्टीवर लावून बघितली. प्रेमळ म्हणावं तर शेवटपर्यंत बोलले नाहीत, स्वाभिमानी म्हणावं तर रोज दोनदा त्याच दारात गेले. एकही शब्द बसेना. आडून सांगायची पद्धत कशासाठी असते ते मला त्या सुपाशेजारी कळलं. बरेच नवे लोक समजतात की 'रागीट' हा शब्द लपवायचा आणि त्याजागी 'त्यानं पेला आपटला' लिहायचं, झालं काम. ते कोडं घालणं झालं. वाचक ते सोडवतो आणि परत 'रागीट' याच शब्दापाशी येतो. ज्या स्वभावाला भाषेत नेमका शब्दच नाही, तो प्रसंगातून दाखवावा लागतो. शब्द असेल आणि तेवढंच काम असेल, तर सरळ शब्द वापरावा.

थेट सांगण्याला कमी लेखू नका, असं मी म्हणते ते याचसाठी. शिबिरांमधून हल्ली विशेषण दिसलं की खोडा, असा धाक घालतात. आपल्या कहाण्या बघा. आटपाट नगर होतं, तिथं एक राजा होता, त्याला दोन राण्या होत्या, एक आवडती, एक नावडती. दोन शब्दांत दोन बायकांची घरातली जागा, त्यांचं जेवण, त्यांचं अंथरूण, सगळं आलं. इथं नावडतीचं दुःख तीन पानं दाखवत बसलात तर कहाणी व्रतापर्यंत पोचायचीच नाही. एका पानापुरतं येऊन जाणारं माणूस असेल तर मी सरळ लिहिते: तलाठी घाबरट होता. पुढं चला.

आता आमच्या भागाचं. इथं आडून सांगायला एक हत्यार फुकट मिळतं, ते म्हणजे माणूस कुठल्या क्षणी कुठली भाषा बोलतो. काउंटरवर वडगावचे विणकर येतात, खेड्यांतले शेतकरी येतात. माझ्याशी अस्सल मराठीत बोलणारा माणूस नोटा मोजायला लागला की ओठ कानडीत हलतात, "वंदु, एरडु, मूरु..." शाळा कुठल्या भाषेत झाली ते मोजताना बाहेर येतं. त्याचीच सून मोबाइलवर इंग्रजीत आकडे पुटपुटते.

खानापूरहून येणाऱ्या बसमधला एक कंडक्टर मी महिनाभर बघत होते. गर्दीला पुढं सरकवताना तो म्हणायचा, "मुंद होगरी, मुंद होगरी." म्हणजे पुढं चला. त्यातला 'री' म्हणजे आपल्या 'अहो'तला आदर. हे आदराचं अक्षर तो इस्त्रीच्या शर्टाला लावायचा, कॉलेजच्या पोरांना लावायचा. डोक्यावर बुट्टी घेतलेली बाई चढली की नुसतं "मुंद होग." एवढं एक अक्षर गळायचं. त्याचं नाक, मिशा, खाकी कपडे यांचं अर्धं पान मी लिहून ठेवलं होतं, ते सगळं काढून टाकलं. एक दिवस त्याला आईचा फोन आला आणि तो मराठीत म्हणाला, "जेवलीस काय? गोळी खाल्लीस? खा की मग." तेही कथेत आलं. दोन्ही शेजारी ठेवली, मधे काही लिहिलं नाही.

याच हत्यारानं माझा हातही कापलाय. सुरुवातीच्या एका कथेत सावकार कानडी बोलतो आणि बिचारं कूळ मराठी. मला वाटलं, काय मस्त आडून दाखवलंय! सीमाभागातल्या एका गावच्या संमेलनात कथाकथनाला ती वाचली. कडोली, उचगाव, बेळगुंदी अशा गावांतून आमच्याकडं मराठी साहित्य संमेलनं भरतात, मांडवात हजार माणसं बसतात आणि अजिबात भीड ठेवत नाहीत. सावकाराच्या तोंडचं प्रत्येक वाक्य आलं की मांडव हसायचा. माझा क्रूर सावकार विदूषक होऊन बसला. नंतर चहाच्या टेबलापाशी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई, आमच्या गावातला सावकार मराठीच होता." भाषा ही माणसाच्या कपाळावर मारलेला शिक्का म्हणून वापरली की ते थेट सांगणंच होतं, शिवाय खोटं. भाषा बदलते कधी, कुणासमोर, कशासाठी, यात स्वभाव असतो.

आणखी एक सापळा. बेळगावातला नवा लेखक बहुधा दोघांच्या सावलीत चालतो. पु. ल. देशपांड्यांनी इथल्या रावसाहेबांचं व्यक्तिचित्र लिहिलं, आणि प्रकाश नारायण संतांनी आपल्या कथांमधून लंपन नावाचा शाळकरी पोरगा उभा केला. लंपन हळवा आहे असं त्याला स्वतःला सांगावं लागत नाही, तो आपला 'मॅडसारखं' म्हणत राहतो. वाचा, पुन्हा वाचा. पण तुमच्या पात्राच्या तोंडी लगेच 'मॅड' घालू नका. ती लकब त्या पोराची आहे. तुमच्या गल्लीतल्या पोराची कुठली, ते त्याच्याजवळ बसून ऐकावं लागेल.

दुसऱ्याच्या तोंडून स्वभाव सांगायचा असेल तर एक ध्यानात ठेवा: बोलणारा आधी स्वतःला उघडा करतो. 'शेजारची फार उधळी आहे' असं सासू म्हणाली, तर शेजारणीबद्दल एक शक्यता कळते आणि सासूबद्दल खात्री. 'मी' म्हणून गोष्ट सांगणारा असेल तर हे सगळ्या कथेला लागू. 'मी कुणाचं वाईट चिंतत नाही' असं ज्याला तीनदा सांगावं लागतं, त्याच्याकडं वाचक जरा रोखून बघायला लागतो.

कृतीबद्दल मात्र मला काउंटरनं शिकवलं. अॅरिस्टॉटलनं 'काव्यशास्त्रा'त म्हटलंय की स्वभाव माणसाच्या निवडीतून दिसतो. एकदा कर्जदारानं हप्ते थांबवले, दोन्ही जामीनदारांना नोटिसा गेल्या. एक जण आला तो ओरडतच. काउंटरवर हात आपटला, आमचा, कर्जदाराचा, सगळ्यांचा उद्धार केला. दुसरा हळू आवाजात म्हणाला, "हप्ता किती बसतो?" एक हप्ता भरला, पावती नीट घडी करून खिशात ठेवली. घरी येऊन मी लगेच टिपण काढलं: एक उद्धट, एक सज्जन. पुढं काय झालं? सज्जन पुन्हा फिरकला नाही. ओरडणारा दर महिन्याला येत राहिला, दर महिन्याला ओरडला आणि शेवटचा रुपयासुद्धा भरून गेला. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली सपाट (एकाच गुणावर उभी) आणि गोल पात्रं असा भेद केला. गोल पात्र आपल्याला चकित करतं आणि तरी पटतं, अशी त्यांची कसोटी. पाठ्यपुस्तकात ते वाचून मला काही कळलं नव्हतं, ते या ओरडणाऱ्यामुळं कळलं. एक प्रसंग लिहून थांबू नका, त्याच माणसाला दुसऱ्या महिन्यात बघा.

सवयीचं म्हणाल तर मी एवढंच करते: पात्राबद्दल वाटतील ती सगळी विशेषणं मागच्या पानावर लिहून काढते. मग प्रत्येकापुढं आत्याचा प्रश्न: केलं काय? ज्याला उत्तर मिळत नाही ते विशेषण माझ्या मनातलं असतं, पात्राचं नसतं. कधी एखादं तसंच ठेवते, मुद्दाम. पुढच्या प्रसंगात ते खोटं पाडायचं असतं म्हणून.

सध्या अडलेय ती एका म्हातारीपाशी. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली. आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो. ही म्हातारी तिकीट घेते, कमरेची चंची सोडते. आत तसल्याच तिकिटांचा गठ्ठा, रबर लावलेला. रबर काढते, नवं तिकीट वर ठेवते, कडा सारख्या करते, रबर लावते. कंडक्टर एकदा म्हणाला, "आजी, रद्दीवाला बी घेणार न्हाई." ती म्हणाली, "असूंदे की."

चार खर्डे झाले. पहिल्यात लिहिलं होतं की आयुष्यभर तिकीट नवऱ्याच्या खिशात असायचं. दुसऱ्यात, की ती व्यवहाराला पक्की होती, उद्या कुणी पैसे मागितले तर पुरावा हवा. तिसऱ्यात दोन्ही. चौथ्यात फक्त रबर आहे, आणि ते नवं आहे, मागच्या आठवड्यात जुनं होतं.