जुन्या पेटंटमधली आकृती पुरावा म्हणून वाचताय? या चुका टाळा

टेलिफोनचा शोध आधी कोणी लावला, या वादात दोन चित्रं नेहमी शेजारीशेजारी ठेवली जातात. एक अमेरिकी संशोधक इलिशा ग्रे यांच्या कॅव्हेटमधलं, म्हणजे अपुऱ्या शोधाच्या आगाऊ नोंदीतलं. दुसरं अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या प्रयोगवहीतलं. दोन्हींत माणूस खाली तोंड करून बोलतोय आणि खाली द्रवाचं भांडं आहे. साम्य डोळ्यांत भरतं आणि लगेच निकाल लागतो: बेलच्या पेटंटमधली आकृती चोरलेली!

पण वहीतलं चित्र पेटंटमधलं नाहीच. पेटंट ७ मार्च १८७६ ला मंजूर झालं, ते चित्र त्यानंतरचं. बेलनी ग्रेंचं काम पाहिलं होतं का, हे तपासायला ते जरूर घ्या. पेटंटमध्ये काय होतं हे त्यावरून ठरवू नका.

तारखांचा घोळ तर हमखास होतो. या एकाच पेटंटला तीन तारखा आहेत: मजकुराखाली २० जानेवारी, अर्ज १४ फेब्रुवारीचा (ग्रेंची नोंदही त्याच दिवशीची) आणि मंजुरी ७ मार्चची. आकृतीच्या पानावर ठळक दिसते ती मंजुरीची. तीच शोधाची तारीख समजलात तर पुढचा सगळा हिशेब चुकतो, कारण तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात आधी अर्ज कोणी केला यापेक्षा आधी शोध कोणी लावला याला महत्त्व होतं.

आता आकृती ७ उघडा. नुसती पाहिली तर दोन भोंगे आणि तारा. अक्षरं धरून मजकूर वाचला की यंत्र चालू लागतं: भोंगा A आवाज पडद्यावर एकवटतो, पडदा a थरथरतो, त्याला जोडलेली लोखंडी पट्टी c विद्युतचुंबक b समोर हलते आणि तारेत लहरी उठतात. द्रव कुठल्याच आकृतीत नाही. मजकुरात मात्र पारा किंवा दुसऱ्या द्रवात तार कमीजास्त बुडवून रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) बदलण्याचा उल्लेख आहे, आणि वादाचं मूळ नेमकं त्या ओळींत आहे, कारण ग्रेंच्या चित्रातही द्रवच होता. आकृतीत नाही म्हणून पेटंटमध्ये नाही, असं समजणारा इथेच फसतो. १८८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं बेलच्या पेटंटमधला पाचवा दावा (म्हणजे ज्या कलमात शोधावरचा हक्क सांगितलेला असतो ते) आकृतीतल्या यंत्रापुरता मर्यादित मानला नाही. रोध बदलण्याची पद्धतही त्यात धरली.

उलटी चूकही होते, आणि ती मला जास्त खुपते: चित्र नाही, म्हणजे माणूस खोटा. पेनसिल्व्हेनियातल्या एबर्लीज मिल्सचे कारागीर डॅनियल ड्रॉबॉ बेलच्या आधी आपण टेलिफोन बनवल्याचं सांगत, पण त्यांच्याकडे त्या काळातलं तारखेचं रेखाटन नव्हतं. होते जुन्या यंत्रांचे अवशेष आणि ‘यातून बोलणं ऐकलंय’ असं सांगणारे अनेक साक्षीदार. त्यांच्या यंत्रांच्या प्रतिकृतींतून चाचणीत बोलणं नीट कळलं नाही, हेही १८८८ च्या त्याच निकालात न्यायालयाच्या बहुमतानं त्यांच्या विरोधात धरलं. तरीही ड्रॉबॉ हरले ते ४ विरुद्ध ३ अशा निसटत्या फरकानं. विरोधी मत देणाऱ्या तीन न्यायाधीशांनी गावकऱ्यांच्या साक्षींवर विश्वास ठेवला होता.